गायरानावरचा गोल्फ

पहिल्या खेपेला आम्ही सेंट अँड्र्यूजला पोचलो तो शनिवार होता. जूनचा शेवट. रात्रीचे साडेनऊ वाजून गेले तरी बाहेर लख्ख उजेड, त्यामुळे झोप अशी लागलीच नाही. पहाटे पाचला मी बायकोला हलवून उठवलं आणि दहा मिनिटांत आम्ही ओल्ड कोर्सच्या पहिल्या टीपाशी उभे होतो. ज्या जागेचे फोटो मी वीस वर्षं पाहत आलो होतो ती जागा समोर होती आणि तिच्यावर गोल्फ खेळणारा एकही माणूस नव्हता. फेअरवेच्या मधोमध एक बाई दोन कुत्री घेऊन चालली होती. तिच्यामागून एक तरुण बाबागाडी ढकलत येत होता. मी गोल्फ शिकलो येरवड्याला. तिथे फेअरवेवर कुणी चुकून पाऊल टाकलं तर चारी बाजूंनी ओरडा होतो. मी नुसता बघत राहिलो.

“अहो, बंद आहे की काय हे?” बायकोने विचारलं.

बंदच होतं. काठीला टेकून उभ्या असलेल्या एका आजोबांनी समजावून सांगितलं की रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ नसतो. ओपनसारखी मोठी स्पर्धा असली तरच अपवाद. एरवी रविवार गावाचा. कुत्री फिरवा, पोरं खेळवा, डबा घेऊन या. ग्रीनवर आणि बंकरमध्ये पाय देऊ नका म्हणजे झालं. एकोणिसाव्या शतकात या कोर्सची निगा राखणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसच्या नावावर एक उत्तर सांगितलं जातं: तुम्हाला विश्रांती नको असेल, पण या जमिनीला हवी आहे.

इतके पैसे खर्चून, रजा टाकून, तेवीस किलोची बॅग ओढत आलेला माणूस अशा वेळी चिडतो. मीही चिडलो. आखणी करताना एवढी साधी गोष्ट कशी सुटली, म्हणून स्वतःवरच. पण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही चालायला लागलो. ईडन नदीच्या मुखापर्यंत जाऊन परत. त्या दोन तासांत ओल्ड कोर्स मला जेवढा कळला तेवढा पुढच्या तीन फेऱ्यांत, खेळताना, कळला नाही. हे पुस्तक त्या रविवारातून निघालं आहे आणि त्यातला मुख्य सल्लाही तोच आहे: परदेशी गोल्फच्या सहलीची आखणी रविवारपासून सुरू करा.

हे विचित्र वाटेल याची मला कल्पना आहे. दरवर्षी ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “दहा दिवसांत किती कोर्स होतील?” जणू अष्टविनायकाची गाडी ठरवायची आहे. दहा दिवसांत नऊ कोर्स होतात, मी एकदा केलेही आहेत. सकाळी व्हॅनमध्ये बॅगा, दुपारी फेरी, संध्याकाळी पुन्हा व्हॅन, रात्री नवीन हॉटेल. घरी आल्यावर नऊ स्कोअरकार्डं समोर ठेवून बसलो, तर चार कोर्सचे होल एकमेकांत मिसळलेले. तो खड्डा कुठला आणि ती भिंत कुठली, सांगता येईना.

म्हणून या पुस्तकात देश एकच घेतला आहे, स्कॉटलंड. त्यातही मुख्य भर एडिंबराच्या आसपासच्या दोन किनाऱ्यांवर, फाइफ आणि ईस्ट लोदियन. पोर्तुगाल, स्पेन, थायलंड, व्हिएतनाम इथेही आपली माणसं आता क्लब घेऊन जातात. हवा उबदार असते आणि गवत गालिच्यासारखं. पण तिथे कोर्स आणि हॉटेल बहुधा एकाच कुंपणात असतात आणि गाव कुंपणाबाहेर राहतं. स्कॉटलंडचं याच्या उलट आहे. तिथे कोर्स गावाला लागून नसतो, कोर्स गावातच असतो. हे का, ते कळल्याशिवाय कुठे राहायचं, काय पाहायचं आणि किती दिवस ठेवायचे यांतलं काहीच नीट ठरवता येत नाही. त्यामुळे आधी थोडा इतिहास.

लिंक्स म्हणजे समुद्र आणि शेती यांच्यामधली वाळूची, उंचसखल पट्टी. कोकणात पुळण संपल्यावर सुरूच्या बनाआधी जी नापीक जमीन लागते तिची थोरली, गवताळ बहीण म्हणा. नांगराला निरुपयोगी. पाऊस पडला की पाणी लगेच झिरपणार, गवत आखूड आणि चिवट. मेंढ्या वाऱ्यापासून बचाव म्हणून जिथे बसत तिथली माती झिजून वाळूचे खड्डे पडले आणि त्यांतूनच बंकर आले असं मानतात. अशी जमीन कुणा एकाच्या मालकीची करण्यात कुणाला रस नव्हता, ती गावाची राहिली. मराठीत तिला अगदी नेमका शब्द आहे, गायरान. गुरं चारा, कपडे वाळत घाला, ससे पकडा, आणि वेळ उरला तर काठीने चेंडू मारा.

वेळ बराच उरत असावा, कारण १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्हींवर बंदी घातली. लोक तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे धावतात, ही राजाची तक्रार. गोल्फचा पहिला लेखी उल्लेख आहे तो असा, मनाईहुकमातला. १५०२ मध्ये इंग्लंडशी तह झाल्यावर ही बंदी ढिली पडली आणि त्याच वर्षी राजा चौथ्या जेम्सने पर्थच्या एका धनुष्यं बनवणाऱ्याकडून स्वतःसाठी क्लब विकत घेतले. बंदी घालणाऱ्यांच्या घराण्यातच खेळ शिरला तो असा. १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टनच्या सनदेने सेंट अँड्र्यूजच्या लोकांचा या जमिनीवर खेळण्याचा हक्क मान्य केला. बदल्यात तिथे ससे पाळण्याची मुभा आर्चबिशपांना.

ससे पुढे महागात पडले. १७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने ही जमीन सशांच्या व्यापाऱ्यांच्या हवाली केली. बिळांनी कोर्सची चाळण झाली. गावकरी आणि गोल्फर एका बाजूला, ससेवाले दुसऱ्या बाजूला असा दावा वीसेक वर्षं चालला. १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमच्या जमीनदाराने, जो स्वतः गोल्फर होता, जमीन विकत घेतली तेव्हा कुठे ससे हटले. १८९४ मध्ये संसदेचा कायदा होऊन ती गावाकडे आली आणि १९७४ पासून एक ट्रस्ट ती चालवतो. गायरान, अतिक्रमण, कोर्टकचेरी, कायदा: आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी ही गोष्ट सांगा, श्रोत्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की तिथे गायरान वाचलं.

आणि वाचलं म्हणून आजही ग्रॅनी क्लार्क्स वाइंड नावाचा गावचा रस्ता पहिल्या आणि अठराव्या फेअरवेला सरळ छेदून समुद्राकडे जातो. त्यावरून मोटारी जातात, आइस्क्रीम खात पोरं जातात. टीवर उभा असलेला गोल्फर थांबतो आणि रस्ता मोकळा झाला की मारतो. त्या कोर्सवर खेळायला परदेशी पाहुण्याला भर हंगामात ३०० पौंडांहून जास्त फी पडते आणि तरीही बाबागाडीसाठी त्याला थांबावं लागतं. मला ही जगातली फार न्याय्य व्यवस्था वाटते.

आता खेळायला कसं मिळतं, ते. ओल्ड कोर्सवर टी-टाइम मिळवायच्या वाटा तीन-चार आहेत. वर्षभर आधी, साधारण ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये, पुढच्या वर्षासाठी ट्रस्टकडे अर्ज करता येतो. काही टूर कंपन्यांकडे हमीची वेळ मिळते, तिची किंमत हॉटेल आणि इतर कोर्सच्या खर्चात मिसळलेली असते. तिसरी वाट बॅलटची, म्हणजे सोडतीची, आणि माझा जीव हिच्यावर. खेळायचं त्याच्या दोन दिवस आधी, दुपारी दोनपर्यंत, दोन ते चार जणांनी नावं द्यायची. संध्याकाळपर्यंत यादी लागते. लागलं तर लागलं. एकट्या माणसाला बॅलटमध्ये नाव देता येत नाही. त्याच्यासाठी पूर्वी रांग असे. मी स्वतः पहाटे तीनला स्टार्टरच्या दारात चादर गुंडाळून बसलो आहे. पुढे एक कोरियन मुलगा, मागे कॅनडाचा निवृत्त शिक्षक, आणि थर्मासमधला चहा तिघांत. २०२४ पासून एकट्यांसाठी आदल्या दिवशी तिथे जाऊन नाव नोंदवायचं आणि सोडतीची वाट पाहायची अशी सोय झाली. झोपेच्या दृष्टीने बरं झालं, पण तो चहा गेला.

बॅलट म्हटलं की आखणीचं सारं गणित बदलतं. तुम्ही गावात चार-पाच दिवस असाल तरच बॅलटला अर्थ आहे. रोज नाव द्यायचं, रोज यादी पाहायची आणि नाव नसेल तर जवळपास दुसरं काहीतरी करायचं. म्हणजे मुक्काम एकाच ठिकाणी हवा आणि तारखा सैल हव्यात. ‘मंगळवार, ओल्ड कोर्स’ असं लिहून ज्यांचा तक्ता सुरू होतो त्यांना बॅलट चालत नाही. त्यांनी हमीची वेळ घ्यावी आणि तीन पट पैसे मोजावेत. त्यात गैर काही नाही, फक्त ते हौसेचे पैसे आहेत हे मनाशी कबूल करावं.

ओल्ड कोर्स लागला नाही तर जीव टाकू नये, हे मी लिहितो खरा. पण पहिल्या खेपेला यादीत नाव नव्हतं तेव्हा मी दोन तास कुणाशी बोललो नव्हतो. त्याच जमिनीवर न्यू कोर्स आहे. नाव न्यू आणि जन्म १८९५चा. ज्युबिली १८९७चा, ईडन १९१४चा. गावाबाहेर कड्यावर कॅसल कोर्स आहे तो २००८चा. सगळे त्याच ट्रस्टचे. शिकाऊ माणसांसाठी आणि मुलांसाठी बॅलगोव्ह हा नऊ होलांचा कोर्स आहे. न्यू कोर्सवर जे खेळतात त्यांच्यात गावकऱ्यांचं प्रमाण जास्त. त्यांच्यातल्या एका जोडीबरोबर सोळाव्या होलपर्यंत मी गेलो, आणि लिंक्सवर चेंडू उडवायचा कमी आणि घरंगळवायचा जास्त, हे मला तिथे पहिल्यांदा पटलं. आपल्याकडे ग्रीन भिजलेले आणि मऊ असतात. चेंडू उंच मारला की पडतो तिथे बसतो. तिथे तो पडतो, उडी घेतो आणि मागच्या उतारावरून निघून जातो. ग्रीनच्या चाळीस यार्ड अलीकडूनही पटर वापरायला लाजायचं नाही.

ओल्ड कोर्सच्या रचनेतल्या गमती तर चालतानाच कळतात. १७६४ मध्ये तिथले बावीस होल जुळवून अठरा केले, आणि पुढे जगाने तोच आकडा उचलला. जातानाचे आणि येतानाचे होल बहुतेक ग्रीन वाटून घेतात. अशी सात जोडग्रीन आहेत आणि कुठल्याही जोडीतल्या होलांची बेरीज अठराच येते: दुसरा-सोळावा, पाचवा-तेरावा, आठवा-दहावा. बंकर शंभराहून जास्त, आणि कित्येक टीवरून दिसतच नाहीत. कारण एके काळी हा कोर्स उलट दिशेनेही खेळत असत आणि त्या दिशेने ते समोर दिसत. त्या रविवारी परतीच्या वाटेवर चालताना मागे वळून पाहिलं तेव्हा कुठे हे ध्यानात आलं. चौदाव्या होलवरच्या ‘हेल’ बंकरच्या काठावर उभं राहिलं की सॉडच्या, म्हणजे गवताळ मातीच्या ढेपांच्या, थरांची उभी भिंत दिसते, विटा रचाव्यात तशी. सतराव्या होलवर टीवरून समोर रस्ता नाही, हॉटेल आहे. कॅडी सांगतो की हॉटेलच्या पाटीवरच्या अमुक अक्षरावरून मारा. माझ्या कॅडीने अक्षर सांगितलं, मग माझा सरावाचा स्विंग पाहिला आणि दोन अक्षरं डावीकडे सरकवली.

कॅडी घ्यावाच. तिथे बग्गी मिळत नाही, वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. कॅडीची फी आणि वर टीप हा खर्च ग्रीन फीच्या जोडीला आधीच धरून ठेवावा आणि नोटा खिशात असाव्यात. आपल्याकडच्या कॅडीपेक्षा तो जास्त बोलतो आणि कमी अदबीने. त्यात विद्यार्थी असतात, निवृत्त माणसं असतात, आणि तुमच्या शॉटवरचं त्यांचं मत ते तुमच्यापासून लपवत नाहीत. आपल्याकडे चेंडू कुठे पडतो ते पाहायला पुढे एक पोरगा उभा असतो, त्याला आपण आगेवाला म्हणतो. तो तिथे नाही. गॉर्सच्या काटेरी झुडपांत चेंडू गेला की गेला. बॅगेत दोन डझन चेंडू न्या. तिथल्या दुकानात ते महाग पडतात आणि शिवाय तुम्ही ते रडव्या मनाने घेता.

राहण्याबद्दल एक संपूर्ण प्रकरण आहे, इथे फक्त मूळ मुद्दा. सेंट अँड्र्यूज हे तीन मुख्य रस्त्यांचं गाव आहे, या टोकाहून त्या टोकाला चालत वीस मिनिटं. अठराव्या ग्रीनवर नजर ठेवणारी हॉटेलं आहेत आणि त्यांचे दरही तसेच उंचीवरून पाहतात. मरे पार्क आणि मरे प्लेस या गल्ल्यांत बी अँड बी आहेत. घराच्या मालकीणबाई सकाळी पॉरिज देतात, शाकाहारी म्हणून सांगितलं तर शाकाहारी हॅगिससुद्धा, आणि ओले बूट कुठे वाळवायचे ते दाखवतात. बूट वाळवायची जागा हा माझ्या लेखी तारांकित सोयीपेक्षा मोठा निकष आहे. तिसरा पर्याय फार कमी जणांच्या लक्षात येतो. १४१३ साली स्थापन झालेल्या इथल्या विद्यापीठाची वसतिगृहं उन्हाळ्याच्या सुटीत पाहुण्यांना खोल्या देतात. साध्या, स्वच्छ, आणि चार जणांच्या गटाला परवडणाऱ्या. रेल्वे मात्र गावात येत नाही. १९६९ मध्ये फाटा बंद झाला. एडिंबराहून तासाभराच्या प्रवासानंतर ल्यूकर्सला उतरायचं आणि पुढे बसने दहा-पंधरा मिनिटं. ही गाडी १८९०च्या फोर्थ पुलावरून जाते, म्हणजे पहिलं प्रेक्षणीय स्थळ तिकिटातच आलं.

प्रेक्षणीय स्थळांचा विषय निघाला की गोल्फरांच्या पुस्तकांत ‘सोबतच्या मंडळींसाठी’ असा एक दयेचा परिच्छेद असतो. खरेदी, स्पा, बागा. माझ्या बायकोने तो एकदा मोठ्याने वाचून दाखवला होता, वेगवेगळे आवाज काढून. ती गोल्फ खेळत नाही, तिला किल्ले आवडतात. सह्याद्रीतले चाळीसेक पाहून झालेत. मी न्यू कोर्सवर होतो त्या दिवशी ती सेंट अँड्र्यूजच्या किल्ल्यात गेली आणि संध्याकाळी माझ्या बर्डीची गोष्ट मध्येच तोडून तिची सुरू झाली. १५४६-४७च्या वेढ्यात बाहेरच्यांनी तटाखालून सुरुंग खणायला घेतला. आतल्यांना आवाजावरून सुगावा लागला, आणि त्यांनी आतून उलट सुरुंग खणला. दोन-तीन ठिकाणी चुकले, मग बरोबर जाऊन भिडले. दोन्ही सुरुंग आजही आहेत आणि त्यांत उतरता येतं. “त्यांचा रुंद, पायऱ्यापायऱ्यांचा, आणि आतल्यांचा अरुंद, वाकडातिकडा. घाईत खणलेला कळतो हो,” ती म्हणाली. गुडघ्यांना माती लागलेली होती. दुसऱ्या दिवशी मला तिने नेलं आणि मीही वाकून, डोकं आपटत, आत गेलो.

तिथून पाच मिनिटांवर कॅथीड्रलचे अवशेष आहेत. १३१८ मध्ये राजा रॉबर्ट ब्रूसच्या उपस्थितीत त्याचा प्रतिष्ठाविधी झाला, आणि आज उरल्यात दोन टोकांच्या भिंती आणि गवत. त्याच आवारात ओल्ड टॉमची आणि त्याच्या मुलाची, यंग टॉमची, कबर. मुलाने १८६८, ६९, ७० आणि ७२ अशा लागोपाठ चार ओपन जिंकल्या. मधल्या ७१मध्ये स्पर्धाच झाली नव्हती. आणि १८७५ मध्ये, बायको बाळंतपणात गेल्यावर काही महिन्यांत, चोविसाव्या वर्षी तोही गेला. बाप त्यानंतर बत्तीस वर्षं जगला. कबरीजवळ गोल्फर एखादा चेंडू ठेवून जातात. विद्यापीठाचं सत्र चालू असेल तर रविवारी लाल झगे घातलेली मुलं प्रार्थनेनंतर बंदराच्या धक्क्यावरून चालत जातात. पुन्हा रविवारच.

आणि न खेळणाऱ्यांनाही सेंट अँड्र्यूजमध्ये खेळता येतं. ओल्ड कोर्सच्या कडेला ‘हिमालय’ नावाचं एक पटिंग ग्रीन आहे. तिथल्या बायकांच्या पटिंग क्लबची स्थापना १८६७ची. त्या काळी बाईने खांद्यावरून क्लब फिरवणं सभ्यपणाचं नव्हतं, म्हणून फक्त पटिंग. नाव हिमालय, कारण जमीन अशी काही वरखाली आहे की सहा फुटांवरच्या होलकडे चेंडू आधी पाठ फिरवून जातो. थोडक्या पैशांत कुणालाही पटर आणि चेंडू मिळतो. आजी, नातू, जपानी मधुचंद्रवाले, सगळे एका रांगेत. अठरा होलांत बायकोने मला तीन शॉटने हरवलं. ते कार्ड आमच्या फ्रिजवर आहे. माझं ओल्ड कोर्सचं कार्ड कपाटात आहे.

फाइफचा दक्षिण किनारा म्हणजे ईस्ट न्यूक, मासेमारांच्या गावांची माळ: क्रेल, अँस्ट्रदर, पिटनवीम, सेंट मोनन्स, एली. बसने एका दिवसात सगळी पाहता येतात, पण एका दिवसात पाहू नयेत. क्रेलची गोल्फ सोसायटी १७८६ची आहे. अँस्ट्रदरला मासेमारीचं संग्रहालय आणि धक्क्यावर फिश अँड चिप्स. तिथूनच उन्हाळ्यात आयल ऑफ मे बेटावर बोटी जातात. एप्रिल ते जुलै तिथे पफिन पक्षी असतात. पलीकडच्या किनाऱ्यावर, ईस्ट लोदियनमध्ये, नॉर्थ बेरिकला राहावं. वेस्ट लिंक्सवर दगडी कुंपणाच्या पलीकडे ग्रीन आहे आणि कुंपण हलवायचं कुणाच्या मनात आलेलं नाही. समोर समुद्रात बास रॉक आहे, गॅनेट पक्ष्यांच्या दाटीने पांढरा झालेला. शेजारचं मिरफिल्ड मंगळवार आणि गुरुवार पाहुण्यांना घेतं. त्यांचा क्लब १७४४ मध्ये खेळाचे पहिले तेरा नियम लिहिणाऱ्यांचा. बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवायला त्यांनी २०१७ साल उजाडू दिलं. एडिंबराच्या वेशीवर मसलबरा आहे, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आत नऊ होल. तिथे हिकरीच्या दांड्यांचे जुन्या पद्धतीचे क्लब भाड्याने मिळतात आणि स्वतःच्या खेळाबद्दलचे सगळे गैरसमज दोन तासांत दूर होतात. उत्तरेला डॉर्नॉक आहे. लांब आहे, सुंदर आहे, दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

डंडीला मात्र पहिल्याच खेपेला जा, पावसाच्या दिवशी. सेंट अँड्र्यूजहून बसने अर्ध्या तासावर. बंगालचा ताग या शहरात येऊन विणला जाई. व्हर्डंट वर्क्स नावाच्या जुन्या गिरणीत त्याचं संग्रहालय आहे. आणि डंडीची माणसं तागामागे हुगळीकाठी जात. ब्रिटिश बेटांबाहेरचा आजवर टिकलेला सर्वांत जुना गोल्फ क्लब निघाला तोही त्याच हुगळीकाठी, कलकत्त्याला, १८२९ मध्ये. मुंबईचा १८४२चा. म्हणजे हा खेळ आपल्याकडे आला तो फार लवकर, अमेरिकेत तो रुजण्याच्या कितीतरी आधी. फक्त येताना गायरान तिकडेच राहिलं आणि इकडे उतरलं ते कंपाउंड. आपल्याकडच्या कोर्सच्या भिंतीपलीकडच्या वस्तीतला पोरगा आत येतो तो बहुधा बॅग उचलायला. हे लिहिताना मीही त्या भिंतीच्या आतलाच आहे, याची जाणीव आहे.

काही रोकड्या गोष्टी. युकेचा व्हिसा वेगळा लागतो, शेंगेनवर चालत नाही, आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपासूनच अर्ज करता येतो. मग वर्षभर आधी टी-टाइम आणि तीन महिने आधी व्हिसा, अशी उलटी साखळी होते. म्हणून रद्द करता येतील अशीच बुकिंगं घ्या. ओपन स्पर्धा जुलै २०२७ मध्ये सेंट अँड्र्यूजला आहे. त्या उन्हाळ्यात ओल्ड कोर्सचा आणि रिकाम्या खोल्यांचा नाद सोडा. हँडिकॅपचा दाखला क्लबकडून आधीच घेऊन ठेवा. मे, जून आणि सप्टेंबर हे चांगले महिने. नोव्हेंबर ते मार्च फी उतरते, पण ओल्ड कोर्सच्या फेअरवेवर चेंडू छोट्या मॅटवर ठेवून मारावा लागतो. जूनमध्येही स्वेटर आणि पावसाचे कपडे बॅगेतच असू द्या. पंधरा-सोळा अंशांत समुद्रावरचा वारा सुटला की महाबळेश्वरचा डिसेंबर आठवतो. आणि मोठी फेरी पहिल्या दोन दिवसांत कधीही ठेवू नका. दुसऱ्या खेपेला विमान कंपनीने माझी बॅग तिसऱ्या दिवशी आणून दिली. क्रेलला मी उसन्या क्लबने खेळलो आणि चवथ्या होलपर्यंत सगळा दोष क्लबना देता आला, एवढं सुख.

या पुस्तकातले नकाशे, बसचे मार्ग, राहण्याच्या जागा आणि खर्चाचे तक्ते पुढच्या प्रकरणांत आहेत. दर बदलतात, तेव्हा निघण्याआधी ताळा करून घ्यावा. आठ-दहा दिवसांचे चार नमुना आराखडे दिले आहेत. चारही आराखड्यांत रविवार कोरा आहे. छापताना राहिला नाही, ठेवला आहे.

एलीचं सांगायचं राहिलं. पाच वेळा ओपन जिंकलेल्या जेम्स ब्रेडचं हे गाव. तिथल्या पहिल्या टीसमोर एक टेकाड आहे आणि पलीकडचं काहीही दिसत नाही. त्यावर गावाने काढलेला उपाय म्हणजे स्टार्टरच्या खोलीच्या छपरातून वर आलेला एका पाणबुडीचा खराखुरा पेरिस्कोप. पुढची मंडळी टप्प्याबाहेर गेली की नाही ते स्टार्टर त्यातून पाहतो आणि मगच तुम्हाला सोडतो. मला त्याने आत बोलावून बघायला लावलं. मूठ धरून फिरवली, धूसर चित्र स्थिर झालं. टेकाडापलीकडे हिरवा उतार, मागे समुद्राची पट्टी, आणि फेअरवेच्या मधोमध एक कुत्रा, बसलेला. त्याचा मालक काही अंतरावर पाठ करून उभा.

“अजून नाही,” मी म्हणालो.

“मग नाही,” स्टार्टर म्हणाला, आणि त्याने किटली लावली.